आईचा गुडघा आणि आमचे दोन फोन

मी फोनमध्ये फक्त एक शब्द टाकला होता : गुडघेदुखी. पुढे जे काही झालं त्याला तो शब्द जबाबदार आहे, मी नाही.

गुडघा माझ्या आईचा. तिनं सगळा जन्म शिवणयंत्रावर काढला. पायानं चालवायचं यंत्र. ते हलवत हलवत तिनं मला वाढवलं, शिकवलं, कारकून केलं, आणि मग तिचा उजवा गुडघा संपावर गेला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. पूर्वी ती रोज संध्याकाळी खाली उतरून कोपऱ्यावरच्या बागेत मैत्रिणींबरोबर बसायची. मग कधीमधी जायला लागली, आणि हल्ली तर नुसती खिडकीतून त्या बाकाकडे बघत बसायची. कुरकुर मात्र नाही. कुरकुर करणाऱ्या माणसाला निदान गप्प तरी बसवता येतं, आईच्या बाबतीत तीही सोय नव्हती.

हाडांचे डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशन करून गुडघा बदलता येईल, पण लगेच केलंच पाहिजे असं नाही, घरी विचार करून सांगा. आता मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी घेतो. 'विचार करून कळवतो' हे मी दिवसभर लोकांना सांगत असतो, पण खरोखर विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. (आमच्या खात्यात कुणावरच येत नाही.) म्हणून फोनला विचारलं.

फोनचा स्वभाव चहाला आलेल्या पाहुण्यासारखा आहे. एकदा विषय मिळाला की उठत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर एक पांढऱ्या दाढीवाले गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावर उलटे चालत होते. "उलटं चाला, गुडघा सुलटा होईल," ते म्हणाले. मला पटलं. मला पटलं हे फोनला कळलं. मग त्यानं उलटे चालणारे आणखी लोक आणले. टेकडीवर, गच्चीवर, कुत्र्याला घेऊन. ऑपरेशन हा कसा शुद्ध मूर्खपणा आहे हे सांगणारे आणले. जगात माझ्याशी न पटणारा माणूसच शिल्लक राहिला नाही असं वाटायला लागलं.

एकच राहिली होती, आणि ती माझ्याच घरात होती. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बरोबर असण्याची तिला व्यावसायिक सवय आहे. तिनंही आपल्या फोनला विचारलं होतं. तिच्या फोनमध्ये हातात छडी घेतलेले एक सर्जन होते, आणि ऑपरेशननंतर जिने चढणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, काही तर चक्क नाचणाऱ्या आज्या होत्या. सगळे डॉक्टर ऑपरेशनच करा म्हणतात, असं तिचं म्हणणं. सगळे म्हणजे कोण, मला तर एकही भेटला नाही, असं माझं. गुडघा म्हणजे काय बल्ब आहे का, गेला की काढून दुसरा लावायला, असंही मी ऐकवलं. (वाक्य दाढीवाल्यांचं होतं, पण मी फार सफाईनं वापरलं.)

वाद मिटवायला मी प्रात्यक्षिक ठेवलं. आईला खुर्चीवर बसवलं, एका हातात दाढीवाल्यांचा व्हिडिओ धरला आणि हॉलमध्ये उलटा चालायला लागलो. चार पावलं अगदी डौलात पडली. पाचव्याला मागे कपडे वाळत घालायचा स्टँड होता. तो, मी आणि एक ओली चादर असे तिघे एकाच वेळी जमिनीवर आलो.

चादरीच्या बाहेरून आईचा शांत आवाज आला, "तुझा गुडघा बरा आहे ना रे?"

दुसरा कुणी असता तर हरला असता. मी मुळाशी गेलो. बायकोचा दोष नव्हता, तिच्या फोनचा होता. फोन सुधारला की बायको सुधारेल. तिचा फोन उघडायचा पॅटर्न मला माहीत होता. ती सकाळी आंघोळीला गेली की मी तिच्या फोनवर दाढीवाल्यांना शोधायचो, शेवटपर्यंत चालू ठेवायचो, अंगठे द्यायचो आणि छडीवाले सर्जन दिसले की झटकन वर सरकवायचो. तिकडे पाण्याचा आवाज थांबला की इकडे फोन जागेवर आणि मी वर्तमानपत्रात. (एकदा वर्तमानपत्र उलटं होतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.)

गुण यायला लागला. बायको पहिल्यांदा वाद घालायची थांबली. मग एकदा भाजी चिरताना म्हणाली की तसं चालण्याचं महत्त्व आहेच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

याच सुमारास माझ्या फोनवर अधूनमधून एक सर्जन दिसायला लागले. मी मोठ्या मनानं ऐकून घेतलं. माणूस हुशार वाटला. मुद्देसूद बोलायचा. हळूहळू दाढीवाले यायचे बंद झाले आणि मला त्यांची आठवणही येईना. उलटं चालून झिजलेलं हाड भरून कसं येईल, हा साधा प्रश्न इतके दिवस कुणी विचारला नाही याचंच मला नवल वाटायला लागलं.

शेवटी एका रविवारी जेवण झाल्यावर मी जाहीर केलं, "मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. आईचा गुडघा बदलायचा."

बायकोनं ताट खाली ठेवलं. "अजिबात नाही. गुडघा म्हणजे काय बल्ब आहे का?"

इथे मला शंका यायला हवी होती. पण मत ताजं असलं की माणूस फार जोरात असतो. मी तिला अडाणी म्हटलं, तिनं मला कसाई म्हटलं. दोघांची मतं नवी कोरी होती, कुणी मागे हटेना. शेवटी, हे बघ पुरावा, असं म्हणत मी माझा फोन तिच्यासमोर ठेवला आणि तिनं तिचा माझ्यासमोर.

दोघांनी एकमेकांचे फोन वर सरकवून बघितले.

"हे तर माझे सर्जन आहेत," बायको म्हणाली.

"आणि हे माझे दाढीवाले," मी म्हणालो.

मग सगळं बाहेर आलं. मी आंघोळीच्या वेळेचं कबूल केलं. तिचं ऐकून तर मी थक्क झालो. माझा फोन बोटाच्या ठशानं उघडतो, आणि दुपारच्या जेवणानंतर मी घोरत असतो. "तेव्हा तुमचा अंगठा मोकळाच असतो," ती म्हणाली. कारकुनी करून लोकांच्या सह्या तपासणारा मी, आणि घरच्या घरी माझा अंगठा उठवला जात होता, तोही सुट्टीच्या सुट्टीला.

आम्ही एकमेकांना बोल लावण्याची नवी फेरी सुरू करणार, इतक्यात आई खोलीतून हळूहळू भिंत धरत बाहेर आली. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"झालं का तुमचं? उद्या सकाळी रिक्षा लवकर बोलवा. दवाखान्यात दाखल व्हायचंय."

झालं होतं असं, की आम्ही कामावर असताना समोरच्या घरातल्या बाईंचा हात धरून, एकेक पायरी उतरत, ती परत डॉक्टरांकडे जाऊन आली होती. मनातलं सगळं विचारून घेतलं, गुडघ्याचे एक्स-रे पुन्हा काढून बघितले, आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आली.

"पण आई, आम्हाला सांगायचंस तरी," मी म्हणालो.

"सांगितलं की. तू 'हं' म्हणालास. ही 'हो आई' म्हणाली. दोघांची मान खाली होती. मला वाटलं, चला, एकदाचं एकमत झालं."

बायकोनं दोन्ही फोन उचलून कपाटात ठेवले आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. भीती वाटते का, असं तिनं विचारलं. आमच्या एवढ्या अभ्यासात हा प्रश्न कुठेच आला नव्हता.

"वाटते ना," आई म्हणाली. "म्हणून तर येऊन सांगत होते."

त्या दुपारी मी झोपलो नाही. तिघं मिळून पिशवी पुन्हा भरली. आईनं तरुणपणी यंत्र शिकताना स्वतःच्याच पदराला कशी टीप मारली होती ते सांगितलं, आणि बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला ती गोष्ट माहीतच नव्हती.

ऑपरेशन छान झालं. आई जिद्दीची, सांगितलेले व्यायाम चुकवत नसे. मीही सोबत असायचो, पण गेलेली सवय परत यायला वेळ लागत नाही. ती पाय उचलायची आणि मी समोर बसून, मान खाली घालून, फोनवर गुडघ्याचे व्यायाम बघायचो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला चालून दाखवायला सांगितलं, खूश झाले, आणि मग माझ्याकडे निरखून बघायला लागले. मला वाटलं, मुलानं चांगली सेवा केली म्हणणार. त्यांनी विचारलं, मान केव्हापासून अशी पुढे आली आहे? कशी, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. बाहेर पडलो तेव्हा माझ्या गळ्यात हनुवटीपर्यंत कडक पट्टा होता.

त्या पट्ट्यात खालचं काही दिसत नाही. पहिल्यांदा जिना उतरायची वेळ आली तेव्हा आईच पुढे झाली. माझा हात धरून, "पायरी आहे, अजून एक, आता सपाट," असं सांगत तिनं मला तिन्ही मजले उतरवलं आणि बागेत नेऊन तिच्या बाकावर बसवलं. मैत्रिणी गोळा झाल्या. आईकडे कुणी बघेना, सगळ्या माझ्याचकडे.

"अगंबाई, ऑपरेशन मुलाचं होतं होय?" एकीनं विचारलं.

"छे," आई म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारलं होतं. मानेच्या वरचं बदलून मिळत नाही म्हणाले."