संत रुतले ती जागा

जांदीराचं बाळ फक्त चालत्या जीपमध्ये झोपत असे. म्हणून तर संत पेद्रोंच्या मिरवणुकीत तिला पुढच्या सीटवर जागा मिळाली. एरवी ती जागा फादर आन्सेल्मोंची. स्टिअरिंगवर तिचे वडील एविलाझियो, मागच्या हौद्यात कागदी फुलांच्या कमानीखाली संतांची मूर्ती, आणि संतांच्या मागे अख्खं पोंताल गाव, नवे कपडे घालून, अनवाणी.

बाळ होण्याआधी ही जीप जांदीराच चालवायची. शहरातून येणाऱ्या शिक्षिकांना, मासळीच्या टोपल्यांना, एकदा तर अडलेल्या बाईला तिने ओहोटीच्या वाळूवरून सुखरूप पोचवलं होतं. बाळ झालं आणि बाबांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. ती मागायची, ते म्हणायचे, "सण होऊ दे, मग बघू." तो सण आज होता.

निघतानाच तिचं लक्ष चाकांकडे गेलं होतं. चारही चाकं टम्म.

"बाबा, हवा नाही काढली?"

"नाही."

"पुढे भुसभुशीत वाळू आहे."

"तुझ्या जन्माआधीपासून आहे. पण म्हणून संतांना हवा गेलेल्या चाकांवरून न्यायचं? लग्नाला कुणी चुरगळलेला शर्ट घालून जातं का?"

वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतली निम्मी हवा काढायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही, हे पोंतालमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते रोजच्या दिवसांसाठी. सणाला घराला रंग, होड्यांना रंग आणि चाकांना भरपूर हवा.

गावाचा रस्ता संपला. जीप वाळूत उतरली, जरा पुढे गेली आणि एखाद्या दमलेल्या बाईसारखी सुस्कारा सोडून खाली बसली.

बाबांनी लगेच इंजिन बंद केलं. रुतलेल्या गाडीत पाय दाबला की चाक स्वतःचाच खड्डा खणतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण इंजिन थांबलं तसं बाळ जागं झालं. त्याचा आवाज प्रार्थनेच्या वर चढला, तेव्हा फादर खिडकीशी आले.

"एविलाझियो, जीप जरा हलती ठेवता का? संतांचं नाव कुणाला ऐकू येत नाहीये."

आता फादरना नाही कोण म्हणणार. बाबांनी जीप थोडी पुढे, थोडी मागे करायला सुरुवात केली. बाळ डोळे मिटायला लागलं. एक प्रार्थना पुरी होईतो बाळ गाढ झोपलं आणि जीपचं पोट वाळूला टेकलं.

"आता तरी हवा काढू या," जांदीरा कुजबुजली.

"प्रार्थना चालू असताना? चाकाची फुसफुस ऐकवायची संतांना?"

"मग संतांना खाली उतरवा. गाडी हलकी होईल."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने बाळाचं टोपरं नीट करायला घेतलं. देवळातून निघालेले संत किनाऱ्याच्या टोकाशी होडीत चढेपर्यंत जमिनीला टेकत नाहीत. मागे एकदा टेकले होते. त्या हंगामात जाळ्यांत नुसतं शेवाळ आलं, असं गाव अजून सांगतं.

तेवढ्यात पर्यटकांना वाळूच्या टेकड्यांवरून फिरवणारा तादेउ आपली बग्गी, म्हणजे वाळूत चालणारी उघडी मोटार, घेऊन आला. संतांची जीप ओढायचं पुण्य पुढच्या सणापर्यंत पुरेल, असा त्याचा हिशेब असावा.

"काका, दोर बांधा. तुम्ही फक्त बसून राहा."

"बसलेलोच आहे," बाबा म्हणाले.

दोर ताणला. बग्गी गुरगुरली, बाजूला सरकली आणि जीपच्या शेजारी तेवढीच खोल बसली. तिचीही चाकं टम्म होती. सण तिलाही होता.

लोकांनी नव्या कपड्यांनिशी ढकलून पाहिलं. फादरनी पाणी शिंपडलं. आणि मग भरतीची पहिली लाट पुढच्या चाकांपाशी येऊन परत गेली. बाबांनी खिडकीतून वाकून पाण्याकडे पाहिलं. जीप समुद्रात गेली, तर जांदीराला मागायला किल्लीही उरणार नव्हती.

तिकडे टोकापाशी संतांची वाट पाहणाऱ्या होड्यांना काही राहवेना. त्या किनाऱ्याकडे वळल्या आणि थेट जीपसमोर उथळ पाण्यात येऊन ठेपल्या. चार कोळ्यांनी संतांना हौद्यातून अलगद उचललं, लाटेतून चालत जाऊन होडीत बसवलं. जमीन कुठेच लागली नाही.

"माझ्या लहानपणी संत इथूनच जायचे," गावातली सगळ्यांत म्हातारी कोर्दूला आजी म्हणाली. हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. पण ऐकताच तिच्याहून लहान असलेल्या तिघांनाही ते आठवलं.

गाव होड्यांच्या मागे किनाऱ्याने निघून गेलं. जांदीराने बाळ बाबांच्या हातात दिलं, चाकांतली हवा काढली, चाकांमागची वाळू हातांनी उपसली आणि आल्या चाकोरीतूनच, घाई न करता, जीप मागे घेतली. मग तादेउची बग्गीही ओढून काढली. बाबा नातीला थोपटत उभे होते.

"जीप हलताना बघूनच झोपली," ते म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

पुढच्या सणाआधी फादर घरी आले. कॉफी घेतली, टॅपिओकाची धिरडी खाल्ली आणि म्हणाले, "जीप मागच्या सणाच्याच जागी रुतली पाहिजे. होड्या तिथेच येणार आहेत. आजूबाजूच्या गावांतूनही लोक येतायत."

बाबांनी चाकं टम्म भरली. पण पावसाळ्याने वाळू हलवली होती. त्या जागेवरून जीप डांबरी रस्त्यावरून जावी तशी गेली. बाबांनी वळसा घेतला, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला वाजंत्रीवाल्यांचा दम उखडला. मऊ वाळू दिसली की बाबांचे हात आपसूक स्टिअरिंग दुसरीकडे वळवत. इतकी वर्षं चुकवण्यात गेली होती.

शेवटी त्यांनी जीप थांबवली, उतरले आणि जांदीराच्या बाजूचं दार उघडलं.

"तू घे," ते हळूच म्हणाले. "मला जमत नाहीये."

जांदीराने लेक त्यांच्या कडेवर दिली आणि बाबांच्या जागेवर सरकली. मऊ पट्टा बघून तिने तिकडे चाकं वळवली, मधेच करकचून ब्रेक मारला आणि मग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून धरला. चाकं खणत गेली, जीपचं पोट टेकलं. होड्या वळल्या. फादरनी डोळे मिटून हात जोडले.

बाबांनी वाकून चारही चाकं पाहिली, गंभीरपणे मान हलवली आणि शेजारी उभ्या असलेल्या कोर्दूला आजीला म्हणाले, "पोरीचा हात बसलाय. आता तिलाच चालवू दे."