मुक्या किटल्या गेल्या कुठे?

"माझे डोळे बांधा, कान तेवढे मोकळे ठेवा! किटली नुसती वाजू द्या. शिट्टीचं भोक मोठं झालंय, पत्रा वाकलाय की झाकण सैल बसलंय, बसल्या जागी सांगतो!"

त्सुबामे गावातल्या होशिबा किटली कारखान्यात कोणी पाहुणा आला, की गुणवत्ता विभागाचे प्रमुख काझामासाहेब हे वाक्य त्याच्या अंगावर टाकायचेच. आणि ती थाप नव्हती! पाणी उकळलं की शिट्टी मारणारी किटली हा होशिबांचा माल. रोज तीनशे किटल्या तयार व्हायच्या, आणि त्यातली एकूण एक काझामासाहेबांच्या खोलीत गॅसवर चढून, मनसोक्त किंचाळून, मगच खोक्यात जायची. सव्वीस वर्षं हा माणूस त्या किंचाळ्यांत बसला होता. घरी बायकोनं मारलेल्या पहिल्या दोन हाका त्यांच्या कानांना लागतच नसत. तिसरी अगदी टिपेला गेली की मग, "काय गं, बोलावलंस का?"

तीनशेतल्या सहा-सात किटल्या मात्र रोज मुक्या निघायच्या. पाणी उतू जाऊन गॅस विझला तरी तोंडातून चकार शब्द नाही! एखाद्या नव्या नवरीसारख्या नुसत्या वाफ सोडत बसायच्या. साहेब त्यांना बाजूला काढत, लाल शाईनं वहीत नोंद करत आणि कपाळाला आठ्या घालत. तो त्यांचा रोजचा आनंद होता.

त्या वर्षी जूनअखेरीला निगाता शहरात गुणवत्ता मंडळांचा मोठा मेळावा होता. निरनिराळ्या कारखान्यांनी यायचं, आपण कोणता दोष कसा कमी केला ते तक्ते लावून सांगायचं. काझामासाहेबांनी विषय ठरवला, 'मुक्या किटल्या: सातावरून तीनावर'. पहिल्या आठवड्यात सात, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन. जिन्यासारखा पायरी-पायरीनं उतरणारा आलेख त्यांनी पेन्सिलीनं आधीच काढून ठेवला होता. आकडे आले की वरून शाई फिरवायची, एवढंच काम बाकी होतं.

सोमवारी मुक्या किटल्या निघाल्या शून्य!

"अभिनंदन साहेब!" जोडणी विभागाचा मुकादम बान्दो दारातूनच ओरडला.

"कसलं अभिनंदन? अजून आपण काही केलंच नाहीये!"

"मग न करताच सुधारलं म्हणायचं."

"न करता काही सुधारत नसतं, बान्दो! न करता फक्त बिघडतं!"

मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य! साहेबांचा जीव कासावीस झाला. पेन्सिलीचा तो देखणा जिना समोर भिंतीवर, आणि आकडे पहिल्याच पायरीवरून थेट तळघरात! त्यांनी बान्दोला खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"कोणीतरी मुक्या किटल्या लपवतंय."

"कुठं लपवणार साहेब? किटली काय खिशात मावते?"

दोघांनी मोजदाद केली. सकाळी आलेल्या शिट्ट्या तीनशे, खोक्यांत गेलेल्या किटल्या तीनशे. एकही इकडची तिकडे नाही. दुसरा कोणी सुटकेचा श्वास सोडून घरी गेला असता. साहेबांचा संशय दुप्पट झाला!

"बघितलंस? एकाचाही फरक नाही! इतकं चोख काम प्रामाणिक माणसाच्या हातून होतच नाही. बाहेरून चांगल्या किटल्या आणून बदलतायत."

"पण कशाला?"

"ते कळलं की सांगतो."

गुरुवारी साहेबांनी बांधून झालेल्या मालातली चाळीस खोकी फोडली. खोलीत एवढ्या शेगड्या कुठल्या? उपाहारगृहाच्या उघड्या पडवीत रांगेनं मांडल्या, चाळीस किटल्या भरून चढवल्या आणि स्वतः मधोमध वही घेऊन उभे राहिले. आणि मग चाळीसच्या चाळीस एकदम वाजल्या!

पॉलिश विभागाला वाटलं जेवणाची सुट्टी झाली. माणसं हात पुसत बाहेर पडली. जोडणीवाल्यांना वाटलं भूकंपाचा सराव आहे. ते डोक्यावर हात घेऊन टेबलांखाली शिरले. पलीकडच्या शाळेतली पोरं मास्तरांना न विचारता मैदानात पळाली. बान्दो डोक्याला हेल्मेट अडकवून धापा टाकत आला.

"साहेब, कुठं हाललं?"

"सगळ्या वाजल्या रे," साहेब घरातलं कोणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले. "चाळीसच्या चाळीस!"

एवढ्या गोंधळात एकच व्यक्ती जागची हलली नाही. नागुमो मावशी! वय एकोणसाठ. बावीस वर्षं एकाच टेबलावर बसून शिट्ट्या तयार करणारी. दोन पत्र्याच्या चकत्या यंत्रात ठेवायच्या, दांडा खाली ओढायचा, दट्ट्या बसला की शिट्टी तयार. साहेब आत आले तेव्हा मावशी शांतपणे दांडा ओढत होत्या.

"मावशी, तुम्ही बाहेर नाही गेलात?"

"बाराला अजून वीस मिनिटं आहेत."

किती थंड उत्तर! साहेबांच्या मनात ठिणगी पडली. मुकी किटली म्हणजे मुकी शिट्टी, आणि शिट्टी म्हणजे नागुमो मावशी. शिवाय संध्याकाळी घरी जाताना या बाईच्या हातात एक गाठोडं असतं. कापडात घट्ट बांधलेलं, गोल, गरगरीत, बरोबर एका किटलीएवढं! आजवर हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?

शुक्रवारी साडेपाचला मावशी गाठोडं घेऊन निघाल्या. मागे पन्नास पावलांवर साहेब. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती आणि चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र धरलं होतं, त्यामुळे वाटेत ते टपालपेटीला धडकले आणि सवयीनं तिला वाकून माफीही मागून आले. मावशी देवळावरून वळल्या, पूल ओलांडला आणि गावच्या सार्वजनिक स्नानगृहात शिरल्या. साहेब समोरच्या दारूच्या पिंपांआड दबा धरून बसले. एक तास गेला. डास चावून चावून कंटाळले. ऊन अजून चांगलंच होतं, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते स्वच्छ दिसत होते.

"काय काझामासाहेब," टोफूवाल्याची बायको अंघोळ करून बाहेर येता येता थबकली, "बायकांच्या दाराकडे तोंड करून काय चाललंय?"

"मी... किटली शोधतोय!"

"इथं?"

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. गाठोडं सुटलेलं. आत गोल लाकडी बादली, टॉवेल आणि साबणाची वडी!

साहेब घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. ताटात भात आणि भातावर एक खारवलेला आलुबुखार. बाकी काही नाही. त्यांची बायको मिसाएबाई समोर बसून खिडकीबाहेर बघत होत्या.

"मासे नाही केलेस आज?"

"मासे स्नानगृहापाशी मिळाले नाहीत का?"

"अगं, कामाचा भाग होता तो! आमच्याकडच्या एका बाईवर नजर ठेवायची होती."

"ठेवलीत ना? सगळ्या गावानं बघितलं."

"अगं, ती एकोणसाठ वर्षांची आहे!"

"म्हणजे वयाचीसुद्धा चौकशी झालीय!"

साहेबांनी आलुबुखाराची बी तोंडात घोळवत ठेवली. ती बाहेर काढायचीसुद्धा त्यांना हिंमत झाली नाही.

दुसरा कोणी इथं थांबला असता. पण शनिवारी सकाळी दहाला, सगळे चहाला गेल्यावर, साहेब मावशींच्या टेबलावर तुटून पडले. खण उपसला, चकत्यांचे डबे उलटे केले, खाली वाकून टॉर्च मारला. आणि सापडलं! यंत्राच्या दांड्याखाली रबरानं गुंडाळून जेवायच्या काडीचा, चॉपस्टिकचा, एक तुकडा खोचलेला होता. कुठल्या नकाशात नाही, कुठल्या यादीत नाही, परवानगी नाही! यंत्राच्या अंगावर चक्क परकी वस्तू! साहेबांनी तो उपटला आणि पुरावा म्हणून पाकिटात घातला.

दुपारी बारापर्यंत सात किटल्या मुक्या निघाल्या.

सात! साहेबांना आनंदानं रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. एकेका किटलीच्या पोटाला त्यांनी हात लावून बघितला. मग सातही दोऱ्यात ओवून, खणखणाट करत ते मालकांच्या खोलीत घुसले.

"मालक, सापडल्या! मी टेबल तपासलं आणि दोन तासांत लपवाछपवी बंद! म्हणजे करणारी कोण ते उघड आहे."

होशिबा मालक म्हातारे, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी सात किटल्या बघितल्या, साहेबांचा फुललेला चेहरा बघितला आणि समोरच्या कागदावर शिक्का मारला. नागुमोबाईंनी सोमवारपासून खोकी बांधायच्या कामावर जावं. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि बावीस वर्षांचं टेबल हातचं गेलं!

अर्ध्या तासानं मावशी साहेबांच्या दारात उभ्या. अंगावर एप्रन, हातात तो कागद.

"जाते मी साहेब खोक्यांवर. माझी काडी तेवढी द्या."

"कबूल करताय तर!"

"त्यात कबूल काय करायचंय? त्या यंत्राचा दट्ट्या झिजलाय, आणि रोज जास्तच झिजतोय. दांडा केसभर जास्त खाली जातो. दोन चकत्यांमधली फट मिटली की शिट्टी वाजेल कुठून? गेल्या शनिवारी डबा खाताना माझी काडी मोडली. म्हटलं, तुकडा दांड्याखाली घालून बघू. सोमवारपासून एक शिट्टी वाया गेलेली नाही."

साहेब उठले. पाकीट घेऊन तसेच टेबलापाशी गेले. मावशींनी काडी खोचली, वीस शिट्ट्या केल्या. वीसच्या वीस वाजल्या. काडी काढून वीस केल्या. दोन मुक्या!

साहेब जवळच्या स्टुलावर बसले. स्टूल नसतं तर जमिनीवर बसले असते.

"मावशी, मला सांगायचं नाही का?"

"तीन वर्षांमागं मी एक सुधारणा सुचवली होती, चकत्यांचा डबा जरा जवळ ठेवा म्हणून. आठवतंय? तुम्ही मला चार पानी फॉर्म भरायला लावलात. मग व्यासपीठावर उभं केलंत, हातात माईक दिलात, आणि कारखान्याच्या पत्रकात माझा फोटो छापलात. डोळे मिटलेला! माझा भाऊ अजून विचारतो, कार्यक्रमात झोपली होतीस का म्हणून. परत सुधारणा? नको बाई!"

"तरी पण..."

"आणि तुम्ही तरी विचारलंत का? काल तासभर स्नानगृहाबाहेर बसला होतात. तेव्हाच विचारायचं. डास तरी कमी चावले असते!"

साहेबांचे कान किटलीच्या बुडासारखे तापले. त्यांनी मावशींच्या हातातला कागद घेतला आणि जड पावलांनी परत मालकांकडे गेले. घडलं ते सगळं सांगितलं. मालकांनी चष्मा काढला. काही बिघडलं की एकामागून एक 'का' विचारत मुळापर्यंत जायचं, ही कायझेनची, म्हणजे सततच्या सुधारणेची, शिकवण. साहेबांनीच ती सगळ्या कारखान्याला घोकायला लावली होती.

"किटल्या आज परत मुक्या का झाल्या?"

"काडी काढली म्हणून."

"का काढली?"

"संशय आला."

"का आला?"

"किटल्या चांगल्या निघत होत्या म्हणून."

"चांगल्या निघाल्या तर संशय का यावा, काझामा?"

साहेबांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "एकही वाईट निघाली नाही, तर मी दिवसभर करायचं काय, मालक?"

मालक हसले नाहीत. त्यांनी तो कागद फाडला. "नागुमोबाई आपल्या टेबलावर राहतील. दट्ट्या नवा बसवून घ्या. आणि मेळाव्यात खरा आलेख लावा."

खरा आलेख लागला. त्यात जिना-बिना काही नव्हता. रेघ पहिल्या सोमवारी धाडकन शून्यावर पडलेली, शनिवारी ताडकन सातावर चढलेली आणि पुन्हा शून्यावर. मावशींनी व्यासपीठावर यायला साफ नकार दिला आणि शेवटच्या रांगेत, मिसाएबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. मिसाएबाई मुद्दाम आल्या होत्या, ही कोण ती बघायला! अर्ध्या तासात दोघी एकाच पुडीतली तांदळाची खारी बिस्किटं खात होत्या, आणि ते साहेबांना जास्त धोक्याचं वाटत होतं.

"शनिवारचं हे काय?" परीक्षकांनी छडी आलेखाच्या सुळक्यावर ठेवली. "दोषाचं मूळ कारण सापडलं का?"

"हो," साहेब म्हणाले. "मी."

परीक्षकांनी कागद चाळले. "ठीक. मग हे कारण पुन्हा उद्भवू नये म्हणून उपाय काय योजलात?"

साहेबांनी तक्त्याकडे बघितलं. ती जागा कोरी होती. त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यात मागच्या रांगेतून मावशींचा खणखणीत आवाज आला.

"चहाच्या सुट्टीत त्यांना एकटं सोडायचं नाही!"

परीक्षकांनी ते गंभीर चेहऱ्यानं शब्दशः लिहून घेतलं. मालकांनीही.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला बान्दो चहाचे दोन कप घेऊन काझामासाहेबांच्या खोलीत येतो, समोर बसतो, आणि साहेबांचा कप रिकामा होईपर्यंत काही केल्या उठत नाही.