हेमलताबाईंची शोधखूण

सोनवडच्या टेकडी उद्यानात दर पौषात बारा डबे माणसांना शोधायला निघतात. पायवाट दीड किलोमीटरची आहे. ज्यांनी नाव नोंदवलंय ती माणसं रविवारी सकाळी सातला झुडपांमागे, दगडांआड लपतात आणि डबे त्यांना हुडकून काढतात. डब्यात एक वही, एक शिक्का आणि ज्याला शोधायचं त्याची शोधखूण लिहिलेला कागद असतो. माणूस सापडला की डबा त्याच्या मनगटावर शिक्का उमटवतो, माणूस वहीत सही करतो आणि घरी जातो. डबे चालतात कसे, हे कोणी बघत नाही. तशी पद्धत नाही.

हेमलता डांगे तीन वर्षं सापडल्या नव्हत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या या बाई करंजाच्या बुंध्याआड सतरंजी टाकून बसत आणि दुपारी उठून घरी जात. यंदाही सापडल्या नाहीत तर नाव कायमचं कमी होणार होतं. तसं पत्र आलं होतं.

पत्र घेऊन त्या उद्यानाच्या कार्यालयात गेल्या. घुगे नावाच्या कारकुनाने त्यांचा जुना अर्ज काढला.

"मावशी, खूण कोणी लिहिलीये ही?"

"मीच. आधी हे लिहायचे. हे गेल्यापासून मीच लिहिते."

घुगेंनी वाचलं. "उंची पाच फूट एक. चष्मा. राखाडी शाल." त्यांनी कागद खाली ठेवला. "गेल्या वर्षी डबा अशा नऊ बायकांपाशी जाऊन आला. शेवटी दमून कारंज्यापाशी बसला. नोंद आहे आमच्याकडे."

"मग काय लिहू?"

"तुम्ही नका लिहू. स्वतःची खूण स्वतःला लिहिता येत नाही. मनाई नाही, पण डब्याला उपयोग होत नाही. घरातलं कोणी नाही?"

"नणंद आहे. बोलणं नाही आमचं."

"बोलायचं कुठंय? लिहायचंय," असं म्हणून घुगेंनी कोरा अर्ज पुढे सरकवला.

अर्ज दोन दिवस फ्रिजवर पडून राहिला. नवऱ्याच्या तेराव्याला वन्सं चार बायकांत म्हणाल्या होत्या, "भाऊ गेला माझा, आणि हिच्या डोळ्याला पाणी नाही." तेव्हापासून हेमलताबाईंनी कुंभारआळीचा रस्ताच सोडला होता. तिसऱ्या दिवशी मात्र त्या गेल्या. वन्सं अंगणात मटार सोलत बसल्या होत्या.

"वन्सं, एवढं भरून द्याल?"

वन्संनी अर्ज आणि सोबतचं पत्र उलटसुलट वाचलं. "तीन वर्षं तिथे थंडीत बसतेस?"

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"कोणाला बोलणार?"

वन्संनी हातातली शेंग ताटात टाकली. मग अर्ज ताटाखाली सरकवून म्हणाल्या, "मी नेऊन देईन ऑफिसात. तू जा."

पौषातल्या तिसऱ्या रविवारी, सव्वादहाला, सात नंबरचा डबा करंजाच्या मागे येऊन हेमलताबाईंसमोर थांबला. पत्र्याचा होता, कोपऱ्याला पोचा आलेला. सापडलेल्या माणसाला आपली खूण वाचायचा अधिकार असतो. त्यांनी घडी उलगडली. वन्संचं मोठं, तिरकं अक्षर.

"फोन संपला तरी ही रिसीव्हर थोडा वेळ कानाशी धरून ठेवते. रडू आलं की भांडी घासते. भावाच्या तेराव्याला हिने घासलेलीच भांडी तीनदा घासली. मला दिसत होतं. तरी मी बोलले."

हेमलताबाईंनी कागद पुन्हा वाचला आणि चष्मा काढून पदराने डोळे पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या. डबा थांबला. डब्यांना घाई करायची परवानगी नाही. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

शेजारच्या घाणेरीआडून एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "सापडलात?"

"हो."

"मग ही जागा घेऊ का मी? इकडे ऊन येत नाही."

"घ्या की," म्हणून त्या उठल्या आणि तडक कुंभारआळीत गेल्या.

वन्संनी दार उघडलं, हेमलताबाईंचं मनगट धरलं आणि उजेडाकडे वळवलं.

"नीट उमटलाय. पण ओला आहे अजून. हात लावू नकोस कशाला."

त्यांनी हेमलताबाईंना पाटावर बसवलं, बशीत गरम पोहे आणले आणि समोर बसून चमच्याने भरवायला लागल्या.