देवाला पाठ न दाखवणारा अरुळप्पन

अरुळप्पन चर्चमधून उलटा चालत बाहेर येतो. तोंड वेदीकडे, पाठ दाराकडे, मोजून बावीस पावलं, मग उंबरठा. चाळीस वर्षांत त्याने देवाला पाठ दाखवलेली नाही. झाडूसुद्धा मागेमागे सरकत मारतो. खरं तर हा चर्चची झाडलोट करणारा, मेणबत्त्या लावणारा माणूस. पण लोक पाळकसाहेबांपेक्षा यालाच जास्त भितात.

तो आमच्याच गल्लीत, चार घरं पलीकडे राहतो. मी कुंभकोणमच्या जुन्या मराठी वैष्णव घरातला, आणि सगळ्याच देवांपासून सारखं अंतर राखून असलेला. त्याच्या भक्तीशी माझं भांडण नाही. मी जळतो तो त्याच्या शांततेवर. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ‘गप्प बसा’ म्हणता म्हणता घसा गेला, वर्ग काही गप्प बसला नाही. आणि हा नुसती भुवई उचलतो, तर तीनशे माणसं श्वास रोखतात.

चपला बाहेर. फोन दाराशी टोपलीत. कुणी कुजबुजलं की त्याचं ठरलेलं वाक्य येतं, “देवाचं घर आहे, बसस्टँड नाही.” कुणी खोकलं तर मांजराच्या पावलांनी येऊन तळहातावर वेलदोडा ठेवतो. दुसऱ्यांदा खोकलं तर दार दाखवतो. एका विद्यार्थ्याच्या लग्नात हे सगळं पाहून आमची बायको म्हणाली, “तुम्हांस जन्मात कुणी इतकं भ्यालं नाही हो.” तेव्हापासून मला वेलदोड्याचा वासही सोसत नाही.

गेल्या महिन्यात चर्च कमिटीच्या अध्यक्षांच्या मुलीचं लग्न झालं. आम्हांलाही बोलावणं होतं. सजावटवाल्याने ऐन वाटेत फुलांची कमान उभारली होती. अरुळप्पन मेणबत्त्या लावून मागे निघाला. एकोणिसाव्या पावलाला कमान, गुलाब आणि थर्माकोलची दोन कबुतरं फोटोग्राफरच्या अंगावर कोसळली, आणि त्या ढिगावर अरुळप्पन. त्या चर्चमध्ये प्रथमच तीनशे माणसं हसली. मीही हसलो. इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.

कमिटीने त्याला बजावलं, “रविवारपासून सरळ चाला, नाहीतर किल्ल्या ठेवा.”

शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. बायकोला सांगितलं, समाचाराला जातो. खरं म्हणजे धाक गेलेला माणूस कसा दिसतो, ते मला पाहायचं होतं.

मनगटाला पट्टी बांधलेली. तशाच हाताने त्याने कॉफी आणली. माझ्या पेल्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

“पेले नवे घेतलेत?”

“बायकोने जोडी घेतली होती, रावसार. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. दुसरा लागलाच नाही.”

मी चिठ्ठीवर अंगठा ठेवून कॉफी प्यायलो. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा पुसूनपासून ठेवला होता.

“उद्या देऊन टाकतो,” तो म्हणाला. “कमानीसाठी देवाला पाठ दाखवू?”

मला हवं होतं ते नेमकं समोर आलं होतं. आणि मी काय बोललो, तर, “मी दाराशी उभा राहतो. वाटेत काही असलं तर सांगीन. मग कमिटी काय म्हणेल?”

त्याने मला नीट न्याहाळलं. “चपला?”

“बाहेर.”

“फोन?”

“घरी ठेवीन.”

“आत बोलायचं नाही.”

“मग सांगू कसं?”

अरुळप्पनने किल्ल्यांचा जुडगा उचलून पुन्हा एकदा पुसला. चाळीस वर्षांचा कायदा मोडायचा होता.

“खोका,” तो म्हणाला. “पण एकदाच.”

मी निघालो. तो फाटकापर्यंत पोचवायला आला. गल्लीत चार पावलं गेल्यावर मी सहज वळून पाहिलं. अरुळप्पन घरात परतत होता. तोंड माझ्याकडे, पाठ दाराकडे, एकेक पाऊल मोजत. मला एवढा मान आजवर कुणी दिलेला नाही.

त्याची टाच पायरीला लागणार, एवढ्यात मी खोकलो.