उलट्या पावलांचे भिका नाना

भिका नानांना कामावर असताना सरळ चालताना मी पाहिलं नव्हतं. धुळ्याच्या ज्या दवाखान्यात ते वॉर्डबॉय आहेत (वय साठ, तरी बॉयच), तिथे बाकी सगळे स्ट्रेचर पेशंटच्या डोक्याकडून ढकलतात. नाना पायांकडून ओढत आणि स्वतः उलटे चालत. वळण, उतार, लिफ्टचा उंबरा, सगळं टाचांना पाठ. नजर पेशंटच्या तोंडावर रोवलेली. उलटी पावलं कोणाची असतात हे लहानपणी ऐकलेलं असल्यामुळे मला पहिल्या भेटीतच शंका आली.

मी तिथे पोचलो माझ्याच शहाणपणामुळे. लोखंडी कपाट ढकलावं, असं बायको म्हणाली. मी ओढून दाखवलं. कपाट जागचं हललं नाही, माझं आतडं हललं. हर्निया.

सोनोग्राफीला नेताना नाना म्हणाले, "भाऊ, डोया मिटू नका. मन्हाकडे देखा."

मग चौकशी. गाव कुठलं, घरी कोण कोण, सध्या तिथे कोणी आहे का. माझ्या बोटात सासऱ्यांची अंगठी. मी सावध झालो. दोन मेहुणे पोलिसात आहेत आणि घरीच बसून असतात, असं ठोकून दिलं. (मला मेहुणाच नाही.) इतक्यात नानांची टाच चाकाखाली आली, तरी त्यांनी नजर हलवली नाही. इतकी चिकाटी चोराशिवाय कोणात असणार?

मी मॅनेजर मॅडमकडे तक्रार केली. त्या आधीच वैतागलेल्या. नुकतंच सगळ्यांना शिकवून झालं होतं, की ओझं ढकलायचं, ओढायचं नाही. ओढणाऱ्याची कंबर जाते, खांदा जातो. नानांची कंबर तर गेलेलीच होती. मॅडमनी माझ्यादेखत त्यांना सांगितलं, पुन्हा ओढताना दिसलात तर घरी बसायचं. नाना नुसते "हाव" म्हणाले. त्या दुपारी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ऑपरेशनच्या सकाळी नाना नियमाप्रमाणे मागे. माझ्या डोळ्यांपुढे फक्त छत. एक ट्यूबलाइट गेली, दुसरी गेली. मागे माणूस आहे की स्ट्रेचर आपोआप चाललंय, कळेना. म्हटलं, नाना, पुढे या ना.

"नोकरी जाई, भाऊ."

लिफ्टपाशी थांबलो. पुढचं ते माझ्या डोक्यामागूनच बोलले, हळू.

"मन्ही बायकोले आठे थेटरमा मीच लई गवतू. मांगेथून ढकलत. ती दोन डाव बोलनी, मांगे कोन शे? मी दमेल व्हतू. बोलनू नही. मंग ती बाहेर जित्ती उनीच नही."

लिफ्ट आली. आत गेलो. मी मान वळवू पाहिली, वळेना. पोलिसातल्या मेहुण्यांचं खोटं होतं हे सांगावंसं वाटलं, तेही जमेना. थिएटरचं दार दिसायला लागलं तसं मीच विचारलं, मागे कोण आहे?

"मी शे, भाऊ," नाना म्हणाले. दारापर्यंत म्हणत राहिले. "मी शे. मी शे."