चौदा नंबरचा रंग

चूक साहेबाची आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं सगळे एकमेकांच्या नावानं खडे फोडणार आहेत आणि साहेबाचं नाव कुणी घेणार नाही. विणकरांना आधुनिक करायच्या योजनेत ज्या साहेबानं येवल्यात कॉम्प्युटर वाटले, त्यानं कुठल्या तरी कचेरीच्या अडगळीतले, पाठीला कुबड आलेले जुने मॉनिटर उचलून आणले. त्यांना बाजारातले सगळ्यात हलके स्पीकर जोडले. आणि वर भाषण ठोकलं, की आता गिऱ्हाइकापुढं रेशमाच्या लडी टाकायच्या नाहीत, हात लागून मळतात. रंग पडद्यावर दाखवायचा. स्पीकर पडद्याला चिकटवून ठेवायचे. गिऱ्हाईक बसलं की सनई लावायची.

चिमाजीनं सगळं ऐकलं. तीस वर्षं मागावर बसलेला माणूस, पण साहेब म्हटल्यावर मान आपोआप हलते. त्यानं लडी ट्रंकेत भरल्या आणि डावा स्पीकर दुहेरी टेपनं पडद्याला चिकटवला. उजवा तेवढा मागाच्या वरच्या फळीवर नेला, विणताना भजन ऐकायला. पडदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडं वळवला. स्वतः बाजूला बसून तो छापील यादीतून नुसते नंबर वाचायचा.

पडद्यावरून रंग निवडणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नाशिकच्या वत्सलाबाई. मुलीचं, वेदिकाचं, लग्न ठरलेलं. बाई खुर्चीत बसल्या, सनई वाजली, नंबर सरकू लागले. चौदाव्या नंबरला बाई पुढं वाकल्या आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा. हा रंग मी जन्मात पाहिला नाही."

"चौदा नंबर," चिमाजीनं यादीत पाहिलं. "डाळिंबी."

"तुमच्याकडं याला डाळिंबी म्हणतात होय? म्हणा बापडे."

वेदिकानं पडद्याचा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या नावासकट, फोटो काढून सिन्नरला सासरी पाठवला. तिकडून लगेच निरोप आला, रंग झकास आहे, वऱ्हाडाचे सव्वाशे फेटे ह्याच रंगात रंगवून घेतो.

चिमाजीनं डाळिंबी रेशीम ताण्याला लावलं. दोन महिने तो आणि त्याची बायको सरिता आळीपाळीनं मागावर बसली. पदरावर चौदा मोर काढले.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना मायलेकी साडी न्यायला आल्या. सरितानं घडी उलगडली. वत्सलाबाईंनी साडीकडं पाहिलं, मग चिमाजीकडं.

"ही कोणाची?"

"तुमचीच, ताई."

"माझी जांभळट होती. जांभळटसुद्धा नाही. संध्याकाळी वांग्यावर ऊन पडतं ना, तशी."

"वांग्याचा नंबर बावीस हाय. तुम्ही चौदावर बोट ठेवलं."

"लावा ते चौदा."

चिमाजीनं लावलं. बाईंनी त्याला दंडाला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. आपल्याच घरात गिऱ्हाइकाच्या जागी तो पहिल्यांदाच बसत होता. समोर पाहिलं. पडद्याचा डावा कोपरा जांभळा होता, त्याखाली हिरवट, मध्ये कुठलाच नाही असा रंग. बाईंचं वांगं, उन्हासकट.

"आता बोला," बाई म्हणाल्या. "सव्वाशे फेटे वांग्याचे आणि नवरी डाळिंबाची. वरात काढू का भाजीबाजार भरवू?"

"आई, हळू बोल," वेदिका म्हणाली.

"हळू का? त्यांनी विणताना मला विचारलं का?"

सरितानं संतोषला बोलावलं. संतोष म्हणजे स्टँडमागं कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्यानं पडदा पाहिला, टेप फाडून स्पीकर हातात घेतला आणि लांब धरला. जांभळा रंग पावसातल्या रांगोळीसारखा निघून गेला. चौदा नंबर काठापासून काठापर्यंत डाळिंबी.

"चुंबक," संतोष म्हणाला. "प्रत्येक स्पीकरच्या पोटात असतं. ह्या जुन्या पडद्याजवळ आलं की रंग नासवतं. चांगल्या स्पीकरला आतून शिल्ड असते."

"म्हणजे?"

"चिलखत म्हणा. लोखंडाचं. चुंबकाची ओढ आतल्या आत राहावी म्हणून. ह्याला नाय. हा नागडाच दिलाय तुम्हाला."

"मग आपण घालू त्याला चिलखत," सरिता म्हणाली. तिनं स्पीकर परत जागेवर ठेवायला लावला आणि मध्ये पितळेचं पातेलं धरलं. वांगं हललं नाही. ॲल्युमिनियमचं ताट धरलं, तरी नाही. शेवटी भाकरीचा तवा आणून उभा केला. संतोषनं पडदा बंद करून चालू केला, ठण्ण असा आवाज झाला आणि कोपऱ्यात डाळिंबी उगवला.

"बघा ताई," चिमाजीला धीर आला. "तवा असला की डाळिंबी. तवा काढला की वांगी. खरा रंग तव्याचा."

"काढा तवा."

काढला.

"ठेवा."

ठेवला.

बाईंनी हे पाच वेळा करायला लावलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "मला तवा नसलेला पाहिजे."

"तो रंगच नाय, ताई."

"नाही कसा? मी पाहिला, हिनं पाहिला, फोटो आहे, सव्वाशे फेटे आहेत. जगात एवढे लोक एका नसलेल्या रंगाचे फेटे बांधणार आहेत होय?"

साडी परत आली तर दोन महिने पाण्यात, आणि येवल्यासारख्या गावात 'चिमाजीचा रंग चुकला' हे एकदा झालं की नातवंडांपर्यंत पुरतं. चिमाजीनं घडी घालायला घेतली.

"थांबा," वेदिका म्हणाली. "फेट्यांचा रंग एकदा त्यांना विचारू तरी." तिनं सासूला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अगं, बरं झालं तूच फोन केलास," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "आम्ही आठ दिवस झाले घाबरून बसलोय. तो फोटोतला रंग रंगाऱ्याला काही जमेना. वर एक, खाली एक. शेवटी त्यानं फोटोत खाली नाव लिहिलेलं वाचलं आणि सरळ डाळिंबी रंगवून मोकळा झाला. सव्वाशेच्या सव्वाशे. आता तुझ्या आईला कोण सांगणार?"

संतोष तवा हातात घेऊन उभा होता. वत्सलाबाईंनी साडीवरून एकदा हात फिरवला, मोर उगाच मोजल्यासारखे केले.

"मी पहिल्यापासून म्हणत होते," त्या म्हणाल्या. "वेदिकाला डाळिंबीच उठून दिसतो. घाला घडी. आणि चिमाजीभाऊ, पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला असं घाबरवत जाऊ नका."

त्या गेल्यावर सरिता खुर्चीत बसून हसत सुटली. चिमाजीला हसू येईना. त्यानं कॉम्प्युटरच्या पाठीवर चिकटवलेला योजनेचा नंबर लावला. सात वेळा वाजल्यावर कुणी तरी उचलला. त्यानं सगळं सांगितलं, वांग्यापासून तव्यापर्यंत.

"साडी गेली ना?" पलीकडचा आवाज म्हणाला. "गिऱ्हाईक समाधानी आहे ना? मग तक्रार कसली?"

"साडी गेली ती सिन्नरच्या रंगाऱ्यामुळं. त्याला वाचता येतं म्हणून. तुमच्यामुळं नाय."

"बरं, लिहून पाठवा. बघू."

"लिहीन नंतर. आधी एवढंच सांगा. हे नागडे स्पीकर पडद्याला चिकटवायला सांगायच्या आधी त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तुमच्यातल्या कुणी बसून बघितलं होतं? एक नाव सांगा."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"सांगा, साहेब," चिमाजी म्हणाला. "मी धरून हाय."