तात्यांची दोन वयं आणि एक बंपर

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. हर्षद माझा दोस्त, नामातात्या त्याचे वडील, आणि आमच्या दहिवलीत कुणाच्या घरातलं काही लिहिलं की संध्याकाळपर्यंत ते त्याच घरात मोठ्याने वाचून दाखवलं जातं. पण आता जो तो आपापल्या पद्धतीने सांगत सुटलाय. कालच्या आवृत्तीत तात्यांनी गाडी थेट देवळात घातली होती. म्हटलं, बास. खरं तेवढं लिहितो. खरं आहे तेच पुरेसं वाईट आहे.

सुरुवात हर्षदच्या एका वाक्याने झाली.

"इन्शुरन्सचं मला नको शिकवू, मी सगळं बघून ठेवलंय."

कुठे बघितलं? मोबाईलवर. हर्षद मोहोपाड्याला कंपनीत जातो. जाता-येता बसमध्ये त्याचं शिक्षण चालू असतं. मुतखडा, शेअर मार्केट, बोअरवेल, घटस्फोट, सगळ्या विषयांत तो पारंगत. त्याला मुतखडा नाही, शेअर नाहीत आणि लग्नही व्हायचंय.

आता तात्या. त्यांनी त्याच मोहोपाड्यात कंपनीची बस चालवली. अख्ख्या नोकरीत बसला ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर एक सेकंडहँड पांढरी गाडी घेतली आणि तिच्यावर असा जीव लावला की त्यांची बायको, म्हणजे आमच्या बायजाकाकू, अजून म्हणतात, "मला कवा असं फडक्यानं पुसलं नाय." गावात कुणाचं पोट दुखलं, कुणाला बाळंतपणाला न्यायचं, कुणाची नवरी आणायची, तात्यांची गाडी. पैसे घेत नसत. फक्त गाडीत बसलेल्याने दार आपटायचं नाही, एवढीच अट. रिटायर माणसाला गावात दोन किमती असतात. चालवणारा आणि बसलेला. तात्या चालवणारे होते.

एका सकाळी धोंडूबाईंची शेळी आडवी आली. तात्यांनी शेळी वाचवली आणि गाडी स्टॉपवरच्या सिमेंटच्या बाकड्यावर नेऊन ठोकली. बाकड्यावर लिहिलंय, 'कैलासवासी बाबूंच्या स्मरणार्थ'. बाबू म्हणजे तात्यांचेच वडील. बाकडंही तात्यांनीच बसवलेलं. बंपर गळून पडला, एक हेडलाईट फुटली, तात्यांना काही झालं नाही. ते उतरले, चप्पल काढली आणि बाकड्याच्या पाया पडले. शेळी तोवर निघून गेली होती.

हर्षद कागद घेऊन कर्जतला साईनाथकडे गेला. साईनाथ आमच्याच वर्गातला, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बसून इन्शुरन्सचं काम करतो.

"सोपं हाय," साईनाथ म्हणाला. "लायसन दे, आरसी बुक दे, पॅन दे, गॅरेजवाल्याचं एस्टिमेट दे. सर्व्हेअर येऊन फोटो काढील. झालं."

हर्षदने ते सगळं दिलं आणि वर न मागता आधार कार्डही दिलं.

साईनाथने एक कार्ड डाव्या हातात धरलं, एक उजव्या.

"तात्यांचं वय काय रं?"

"का?"

"लायसनवर एकोणसत्तर. आधारवर अठ्ठ्याहत्तर."

हे कसं झालं ते आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पंचाहत्तरी झालेल्याला एसटी फुकट, असं सरकारने काढलं. ही बातमी आली आणि आमच्या आळीतले म्हातारे महिनाभरात झपाट्याने म्हातारे झाले. वय वाढवून देणारा एक जण तेव्हा नाक्यावर बसायचा. टेंपो करून सगळे एकदमच गेले, जत्रेला जावं तसे. धोंडूबाई परत आल्या त्या सासूपेक्षा मोठ्या होऊन. तात्या आपल्या थोरल्या भावापेक्षा थोरले झाले. घरात गाडी असताना तात्यांना फुकट एसटी कशाला? कशाला म्हणजे काय, सगळे जात होते. त्यानंतर तात्या एसटीत एकदाही बसलेले नाहीत.

साईनाथने आधार कार्ड हर्षदकडे सरकवलं. "हे परत घे. मी बघितलंच नाय. पॅनवर आन लायसनवर तारीख एकच हाय, काम होतंय."

इथे हर्षदने गप्प बसायचं होतं. नुसतं बसायचं. माणसाला बसता येतं.

"तसं नाय," हर्षद म्हणाला. "सत्तरीच्या पुढं कंपन्या प्रीमियम डबल करतात. कव्हर काढून घेतात. आपण आत्ताच वयाचा कायमचा निकाल लावू."

"कुणी सांगितलं?"

"व्हिडिओ हाय. पूर्ण माहिती देतो तो माणूस."

साईनाथने व्हिडिओ बघितला. माणूस हिंदीत बोलत होता, पण ओठ इंग्रजीत हलत होते. त्याच्यामागे घर होतं आणि घरावर गुडघाभर बर्फ.

"हर्षद्या, हा बर्फात राहतो."

"बर्फाचा काय संबंध? नियम तेच असणार."

"आपल्याकडं गाडीचा प्रीमियम डायवरच्या वयावर ठरत नाय रं."

"आज नाय ठरत. उद्या ठरला म्हंजे?"

साईनाथने चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी हर्षद तात्यांना घेऊन आधारच्या केंद्रावर गेला. तिथल्या मुलीने मशीनमध्ये बघितलं. "जन्मतारीख एकदाच बदलता येते. यांची बदलून झालीय."

"पण ती चुकीची बदललीय."

"कुणी बदलली?"

हर्षदने तात्यांकडे बघितलं. तात्यांनी पंख्याकडे बघितलं.

आधारवरचं वय खाली येत नाही म्हणताना दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. हर्षदने उलटा विचार केला. आधार लायसनपर्यंत खाली येत नाही ना? मग लायसन आधारपर्यंत वर न्यायचं. दोन्ही कागद एक झाले की जगात कुणाची बोलायची हिंमत नाही. रात्री जेवताना त्याने हे घरात सांगितलं.

तात्या घास हातात धरून बसले. "म्हंजे आता मी खराच अठ्ठ्याहत्तरचा?"

"कागदावर, तात्या."

"आन मेलो म्हंजे? कुठल्या वयाचा मरायचा रं मी?"

बायजाकाकूंनी भाकरी वाढली. "माझ्या बापाला हे वय सांगितलं असतं तर त्यानं दारातनंच परत धाडलं असतं तुमास्नी. वाचले असते मी."

तात्या हसले नाहीत. पण हर्षद शिकलेला, कंपनीत कामाला, त्याला कळत असणार, असं म्हणून त्यांनी लायसन काढून दिलं. खिशातून लायसन काढताना त्यांनी ते शर्टाला पुसलं, तेवढंच.

अर्ज झाला. आरटीओतून सांगितलं, नवीन वयाप्रमाणे डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. डॉक्टरांकडे जाताना हर्षदने वाटेत तात्यांकडून नवीन जन्मतारीख पाठ करून घेतली. चौकच्या फाट्यापासून कर्जतपर्यंत तात्या पुटपुटत होते, शाळेत पाढे म्हणावेत तसे. गाडी हर्षदच चालवत होता.

डॉक्टर तरुण होते, नीट तपासत होते. डोळे बघितले. ठीक. बीपी ठीक. उठाबशा काढायला सांगितल्या, तात्यांनी चार जास्त काढल्या.

"अठ्ठ्याहत्तरच्या मानाने तब्येत फारच छान आहे, आजोबा."

झालं. तात्या खुलले. कुणी कौतुक केलं की ते खरं बोलतात.

"जन्मतारीख सांगा बरं?"

तात्यांनी लायसनवरची सांगितली. डॉक्टरांनी कागद बघितला. मागून हर्षद खाकरला. तात्यांनी घाईघाईने आधारवरची सांगितली, पण वर्ष लायसनचंच लावलं.

"आठवत नाही का?"

"आठवतं ना. कुठली सांगू? आई म्हणायची, नदीला मोठा पूर आला त्या साली झालो. मास्तरनं एक जून घातली. मग पोरानं..."

"तात्या, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर," हर्षद मागून कुजबुजला.

"अठ्ठ्याहत्तर सालचा," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आवाज एकदम मऊ झाला. मऊ आवाज वाईट. "तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या. आजोबा, आज वार कुठला? हे कोण, ओळखता का यांना?"

तात्यांनी हर्षदकडे वळून बघितलं. खूप वेळ बघितलं.

"ओळखायचो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

सर्टिफिकेटवर काय आलं? स्मरणशक्तीची तपासणी मोठ्या डॉक्टरांकडून करून घ्यावी, तोपर्यंत वाहन चालवू नये. लायसन आरटीओत जमा झालं ते तिथेच राहिलं. हर्षदने डॉक्टरांना सगळं खरं सांगायचा प्रयत्न केला. एसटी, टेंपो, नाका, सगळं. डॉक्टरांनी त्याचंही वय विचारलं.

क्लेम पास झाला, बरं का. ठोकलं त्या दिवशी लायसन चालू होतं आणि साईनाथने पॅनवर काम करून टाकलं होतं. बंपर बसला, हेडलाईट बसली. गाडी नवीकोरी दिसते. पुढच्या वर्षीचा प्रीमियम जरा वाढणार आहे, तो क्लेम घेतल्यामुळे. वयाचा त्यात एक रुपया नाही.

आता हर्षद गाडी चालवतो आणि तात्या शेजारी बसतात. वळण आलं की त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जातो. परवा धोंडूबाईंच्या सुनेला कळा आल्या तेव्हा त्यांनी तात्यांच्या दारावरून पुढे जाऊन रिक्षा आणली. तात्या ओट्यावर बसलेले होते. "मुद्दाम नाय गेली," असं बायजाकाकू तीनदा म्हणाल्या. संध्याकाळी तात्यांनी त्यांना हळूच विचारलं, "बायजे, मी खरंच इसरतो काय गं?"

हे मला हर्षदने सांगितलं, आणि सांगताना तो रडला. मला सवय नाही, मी दुसरीकडे बघत बसलो.

मोठ्या डॉक्टरांकडे जायला तात्या तयारच नव्हते. आता झालेत, एका अटीवर. हर्षदने खोलीत यायचं नाही. हर्षदने ते कबूल केलं, पण पठ्ठ्याने स्मरणशक्तीच्या परीक्षेत काय काय विचारतात त्याचा एक व्हिडिओ शोधून ठेवलाय. नंबर गुरुवारचा आहे.

"तू चल रं सोबत," तो मला म्हणाला. "मला माझा भरवसा नाय."

म्हटलं, "येतो. मोबाईल तुझा माझ्या खिशात राहील, आन तू त्या दाराजवळ नुसता उठलास तरी तुला बखोटीला धरून खाली रस्त्यावर नेऊन बसवीन. आईशपथ."